कमळजेच्या वाटेवर

पहाटे पाचला शेलूबाजारच्या चौकात चहाची भट्टी पेटलेली आहे. नवरात्राचे दिवस. सोयाबीनची सोंगणी भरात आहे, तरी एक दिवस काढून बाया कमळजा देवीच्या दर्शनाला लोणारला निघाल्या आहेत. कडेवर लेकरं, पिशवीत ओटीचं सामान. मालेगाव, डोणगाव, मेहकर मागे पडतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोंगलेल्या सोयाबीनच्या गंज्या, वर ताडपत्र्या.

लोणारला पोचल्यावर सपाट जमीन एकदम संपते. खाली हिरवं, गोल पाणी. समोरचा काठ धुरकट दिसतो; तो पावणेदोन किलोमीटरहून जास्त दूर आहे. आम्हाला उतरायचं आहे सुमारे १४० मीटर. गाडीत अखंड बोलणाऱ्या बाया इथे गप्प होतात.

धारेवर अंघोळीची रांग. गोमुखातून पाणी पडतंय, ते उन्हाळ्यातही पडतं. दगड ओले, गार. ओली लुगडी पिळण्याचा आवाज, लेकरांचं रडणं, उदबत्तीचा धूर.

मग पायवाट. पायऱ्या झिजलेल्या, मधेच नाहीशा होणाऱ्या.

"हळू उतर वं माय, पाय सरकते," मागून आवाज येतो.

दोन्हीकडे झाडी दाटते. सीताफळांचे डोळे उघडले आहेत. कुठेतरी मोर ओरडतो. झाडीत जुनी हेमाडपंती देवळं उभी आहेत: कुणाचा माथा गेलेला, कुणाच्या खांबांवर वेल चढलेली. आत डोकावलं की वटवाघळांचा उग्र वास. कुणी थांबत नाही. सगळ्यांना खाली जायचं आहे.

पाणी दिसण्याआधी त्याचा वास येतो. कुजका, खारट. काठाच्या चिखलावर क्षाराची पांढरी साय धरली आहे. जुनी माणसं तिला पापडी, भुसकी म्हणत. पूर्वी हा क्षार काढून विकला जाई. पाण्याचा सामू १० च्या आसपास. बोटं बुडवते. साबण लागल्यासारखी बुळबुळीत होतात.

कमळजेच्या देवळाची रांग उन्हात आली आहे. अकरा वाजलेत. या वाटीच्या तळाशी वाऱ्याची झुळूक नाही. बाया पदराने वारा घेतात. उपासाची केळी सोलली जातात, साबुदाण्याच्या उसळीचा डबा हातोहात फिरतो. रांग चार पावलं सरकते, पुन्हा थांबते. सगळ्यांचे चेहरे देवळाकडे, पाठ तळ्याकडे.

एक मास्तर पोरांना तेवढ्यात तळ्याकडे वळवतात. आभाळातून दगड आला, काळ्या पाषाणात आदळला, त्यातून हे विवर झालं, असं सांगतात. असाच पाषाण चंद्रावर आहे, म्हणून शास्त्रज्ञ इथे येतात. आधी त्याचं वय ५२ हजार वर्षं मानत. नव्या मोजणीत ते ५ लाख ७० हजारांच्या आसपास निघालं. पोरं बोटांवर शून्यं मोजतात. मलाही मोजावी लागतात.

"आन थे गुलाबी झालतं नं?" रांगेतल्या आजी विचारतात.

जून २०२० मध्ये. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे.

"तवा आपुन घरात कोंडेल होतो," आजी म्हणतात. "पाहू नाई शकलो."

त्यांच्या सुनेला सासू-सुनेची विहीर पाहायची आहे. एका बाजूचं पाणी गोड, दुसरीकडचं खारं, असं सांगतात. रांगेतलं कुणी तळ्याकडे हात करतं. "पान्यात हाय माय, आता दिसनार नाई." सून त्या दिशेला बघत राहते. आजीही.

आत अंधार, बुटके दगडी खांब. डोळे सरावेपर्यंत देवीसमोर पोचतो. कुंकवाने माखलेला मुखवटा, समईची ज्योत. आजी ओटी भरतात. ओठ हलतात, शब्द ऐकू येत नाहीत. पुजारी "चला, चला" म्हणतो. दोन तासांची रांग, आणि देवीसमोर अर्धं मिनिट. आजींच्या चेहऱ्यावर कसलीही तक्रार नाही.

चढ अंगावर येतो. दर वळणावर कुणी ना कुणी बसलेलं. आजी माझ्या खांद्यावर हात ठेवतात, तो वरपर्यंत काढत नाहीत. अर्ध्यावर मागे वळून पहिल्यांदाच तळ्याकडे नीट बघतात. बराच वेळ.

गाडीत चढताना लक्षात येतं, माझ्या चपलांच्या कडांना पांढरी रेघ वाळली आहे. आजींच्या लुगड्याच्या काठालाही.