लाकडी तलवार करून घेताना

मर्दानी खेळ शिकायला लागलेल्या मुलाच्या हातात आधी काठी येते. काठीचे हात बसले की तलवारीची पाळी येते आणि घरात प्रश्न उभा राहतो: सरावाची तलवार आणायची कुठली? जत्रेत चंदेरी रंग दिलेली प्लायवूडची मिळते, पण ती खेळणं. माळशिरस तालुक्यातल्या नातेपुत्यासारख्या गावात सुताराकडून करून घेणं उत्तम. फक्त त्याला नेमकं काय सांगायचं, ते आधी ठरवून जावं.

आधी काम ठरवा, मग लाकूड. एकट्याने हवेत हात फिरवणं, पवित्रे घोटणं हे एक काम. समोरच्याशी खेळणं हे दुसरं. टणक लाकूड बोटांवर बसलं तर हाड मोडतं. म्हणून आपल्याकडे समोरासमोरच्या खेळासाठी फरीगदगा आला. गदगा म्हणजे चामड्याची खोळ चढवलेली वेताची छडी, फरी म्हणजे छोटी ढाल. वेत वाकतो आणि माराचा जोर बराचसा स्वतःच खातो. जपानी लोकांनीही हेच केलं: ठरवून दिलेल्या हातांसाठी भरीव लाकडी बोक्केन आणि प्रत्यक्ष लढतीसाठी बांबूच्या चार पट्ट्या बांधलेली शिनाई. तेव्हा लाकडी तलवार एकट्याच्या सरावाला, लढतीला गदगा. आणि गदगा असला तरी डोक्याला संरक्षण हवंच.

आता लाकूड. माळशिरस तालुक्यात सहज मिळणारं आणि या कामाला योग्य लाकूड म्हणजे बाभूळ. कुऱ्हाडीचे, कुदळीचे दांडे तिचेच होतात, कारण ती दणका सोसते. मात्र ती नीट वाळलेली हवी. ओल्या लाकडाची तलवार महिन्या-दोन महिन्यांत पिळते. बाभळीला कीडही लवकर लागते. म्हणून ओंडके काही काळ पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी पद्धत आहे. सालीलगतचं फिकट लाकूड सोडून आतलं गडद घ्यावं. धामण मिळाली तर फारच छान, ती चिवट आणि लवचीक असते. सागवान देखणं आणि न पिळणारं, पण आघाताला बाभळीइतकं टिकत नाही. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन मात्र नकोच.

झाडाच्या नावापेक्षाही लाकडाच्या रेषा महत्त्वाच्या. फळी उजेडात धरून पाहा. रेषा मुठीपासून टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. त्या मध्येच तिरक्या होऊन कडेला बाहेर पडत असतील, तर तलवार नेमकी तिथेच मोडणार, आणि मोडताना टोकदार कपचे उडणार. गाठ मुठीजवळ असेल तर फळी परत करा, कारण सगळा ताण तिथेच येतो.

मापासाठी सरळ उभं राहून हात खाली सोडावा. हातातल्या तलवारीचं टोक जमिनीपासून चार बोटं वर राहिलं पाहिजे. मोठ्या माणसाला साधारण तीन फूट पुरते. पातं सव्वा इंच रुंद आणि मुठीजवळ सहा सूत जाड ठेवून टोकाकडे निमुळतं करायला सांगा. अशी बाभळीची तलवार चारशे-साडेचारशे ग्रॅम भरते. पोलादी तलवार किलोच्या आसपास असते, म्हणजे त्याच मापात तेवढं वजन लाकडात येणारच नाही. रोमन लेखक व्हेजिशियस सांगतो, की नव्या सैनिकांना दुप्पट वजनाच्या लाकडी तलवारी देत. ते तयारीच्या प्रौढांचं काम. वाढत्या वयाच्या मुलाला हलकीच द्या. जड तलवारीने खांदा दुखावतो आणि हात चुकीचा बसतो.

वजनाहून तोल मोठा. तलवार एका बोटावर आडवी ठेवून पाहा. सारख्या जाडीची पट्टी मुठीपासून सुमारे दीड वीत पुढे तोलते आणि टोकाला जड लागते. टोकाकडचं लाकूड रंध्याने थोडं थोडं काढत तो बिंदू वीतभर अंतरावर आणता येतो. काढलेलं लाकूड परत चिकटत नाही, म्हणून दर दोन-चार हातांनंतर तपासायला सांगा.

मूठ गोल नको, अंडाकृती हवी. धार कोणत्या बाजूला आहे हे न बघता हाताला कळलं पाहिजे. आपल्या तलवारीची मूठ आखूड असते आणि तिच्या मागे वाटी असते. ती मनगटाला टेकते, म्हणून मनगट फार मोडत नाही. वार खांद्यातून येतो आणि ओढून कापतो. लाकडी मुठीलाही मागे असा उंचवटा ठेवून घ्या. तो नसेल तर मनगटाची चुकीची सवय लागते आणि पुढे पोलादी तलवार हातात आल्यावर ती सवय मोडावी लागते.

वॉर्निश लावू नका, घामाने हात निसटतो. काचकागद मारून जवसाचं तेल पातळ चोळा. दर सरावाआधी तलवारीवरून कापड फिरवा. धागा अडकला तर तिथे कपचा उठलाय. वरवरचा असेल तर घासून काढा. चीर गेली असेल तर फेव्हिकॉल, खिळा, टेप यांपैकी कशानेही दुरुस्त करू नका. तिचे दोन तुकडे करा, म्हणजे दुसरं कुणी मूल ती उचलून खेळायला नेणार नाही.