डिफरन्शियलची झीज आणि तेलाची साक्ष

मालवाहू पिकअपच्या देखभालीत इंजिन ऑइल, ब्रेक आणि टायर यांच्याकडे जेवढे लक्ष दिले जाते, तेवढे मागच्या दोन चाकांच्या मधोमध असलेल्या फुगीर लोखंडी पेटीकडे, म्हणजे डिफरन्शियलकडे, क्वचितच जाते आणि त्यातील तेल कधी बदलावे लागत नाही असाही समज बराच रूढ आहे. हा समज का टिकत नाही, याचे उत्तर त्या पेटीतील दातांच्या घडणीत सापडते.

बैलगाडीची चाके स्थिर कण्यावर स्वतंत्रपणे फिरतात, त्यामुळे वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागले तरी काही अडत नाही; परंतु एकाच इंजिनाची शक्ती दोन्ही चाकांना पुरवायची असली की पेच उभा राहतो. चाकांमधील अंतर 1.4 मीटर धरल्यास काटकोनातील वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे 2.2 मीटर जास्त धावते आणि विलक्षण गोष्ट अशी की, वळण अरुंद असो वा ऐसपैस, हा फरक तेवढाच राहतो. मोटारीच्या इतिहासात बेन्झ आणि डाइमलर यांची नावे सर्वतोमुखी असली, तरी हा पेच वाफेच्या गाडीसाठी सोडवून 1820 च्या दशकाच्या अखेरीस त्याचे पेटंट घेणारा फ्रेंच घड्याळजी ओनेझिफोर पेकर मात्र विस्मृतीत गेला, हा त्याच्यावरचा अन्यायच होय. बेन्झची तीनचाकी मोटार त्यानंतर जवळपास सहा दशकांनी, 1886 मध्ये, जगापुढे आली.

इंजिनाकडून येणारा शाफ्ट टेल पिनियन या लहान गिअरला फिरवतो, पिनियन मोठ्या क्राऊन व्हीलला फिरवतो आणि क्राऊनसोबत फिरणाऱ्या पिंजऱ्यातील स्टार पिनियन दोन्ही चाकांच्या वेगांतील फरक सामावून घेतात. सरळ रस्त्यावर स्टार पिनियन स्वतःभोवती जवळजवळ फिरत नाहीत; एक चाक चिखलात रुतून जागीच गरगरू लागले की मात्र त्यांच्यावर आणि त्यांच्या पिनवर अतोनात ताण येतो.

बहुतेक पिकअपमध्ये क्राऊन-पिनियनची जोडी हायपॉइड पद्धतीची असते, म्हणजे पिनियनचा अक्ष क्राऊनच्या मध्यापेक्षा खाली असतो. त्यामुळे दात मोठे व मजबूत करता येतात, पण ते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, तर दाबाखाली घसरतातही, आणि त्या दाबाने तेलाचा साधा थर फाटतो. म्हणूनच जीएल-5 दर्जाच्या तेलात गंधक व फॉस्फरस यांची संयुगे मिसळलेली असतात. संपर्काच्या तप्त बिंदूंवर ती पोलादाशी अभिक्रिया करून एक पातळ थर तयार करतात आणि पोलादाऐवजी तो थर झिजतो. ही संयुगे वापरात खर्च होत जातात, त्यामुळे अशा तेलाला आजीवन म्हणणे रसायनशास्त्राला धरून नाही.

तेल बदलताना, गाडी थोडी चालवून ते कोमट झाल्यावर, समतल जागी, आधी भरणीचा बोल्ट सैल करून मगच निचऱ्याचा काढावा. भरणीचाच बोल्ट अडकला, तर तेलाविना गाडी जागेवरून हलवता येत नाही. निचऱ्याच्या बोल्टला चुंबक असल्यास त्यावर जमलेला राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप नेहमीच्या झिजेचा असतो, परंतु त्यात बोटाला टोचणारे कण, पापुद्रे किंवा दाताचा तुकडा दिसला तर पेटी उघडणे भाग आहे. दुधाळ तेल पाणी शिरल्याचे सांगते. ब्रीदर, म्हणजे पेटीतील हवेला वाट देणारी नळी, तुंबली तर गरम हवेचा दाब ऑइल सीलमधून तेल बाहेर ढकलतो.

आवाजही निदानाला मदत करतो. ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना बदलणारी घुमघुम बहुधा क्राऊन-पिनियनची, अखंड गुरगुर बेअरिंगची आणि केवळ वळणावरची टकटक स्टार पिनियनची असते. पेटी उघडल्यावर दातांमधील मोकळीक डायल गेजने मोजतात. ती मिलिमीटरच्या काही दशांशांहूनही कमी असावी लागते. दातांना रंग लावून संपर्काचा ठसाही पाहतात, आणि तो दाताच्या टोकाकडे किंवा बुडाकडे सरकलेला असेल, तर शिम, म्हणजे अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या, बदलून पिनियनची जागा सुधारतात. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असल्याने त्यांतला एकच बदलणे चुकीचे ठरते.

जड ओझे वाहणाऱ्या किंवा पुराच्या पाण्यातून गेलेल्या गाडीने पुस्तिकेतील मुदतीची वाट पाहू नये. काही लिटर तेलाचा खर्च नव्या क्राऊन-पिनियनपुढे नगण्य आहे, आणि जुने तेल टाकून देण्यापूर्वी ते नीट पाहण्याला तर पैसाही लागत नाही.