उतारावरचे न्यूट्रल आणि ब्रेकविषयीच्या समजुती

खुलताबादहून दौलताबादकडे उतरणाऱ्या घाटात ‘न्यूट्रल मारून’ गाडी सोडणाऱ्या चालकास हटकले असता, उतारावर डिझेल वाचते आणि वेग आवरायला ब्रेक आहेतच, असे जे उत्तर ठरावीक साच्यातून निघाल्यासारखे मिळते, ते दोन्ही अंगांनी चुकीचे आहे. आणि हे इतक्यांदा सांगूनही शिकलेसवरलेले लोक तेच उत्तर पुन्हा देतात, याचा मला संताप येतो, कारण त्याच रस्त्याने पहाटे शहरातले सायकलस्वार जात असतात आणि त्यांच्याभोवती पत्र्याचे कसलेही कवच नसते.

प्रथम डिझेलचा हिशेब पाहू. हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात, गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की चाकेच इंजिनाला फिरवीत राहतात व इंधनाचा पुरवठा तोडला जातो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जाळावेच लागते. जुन्या कार्ब्युरेटरच्या काळातली समजूत नव्या गाडीवर लादण्यात बचत कसली?

आता ब्रेकची बाजू. 16 टनांचा ट्रक 100 मीटर उंची उतरतो तेव्हा सुमारे 45 लिटर गार पाण्यास उकळी आणील इतकी ऊर्जा कोठेतरी खर्ची पडावी लागते. गिअरमध्ये तिचा मोठा हिस्सा इंजिन पेलते, न्यूट्रलमध्ये जवळजवळ सारी लायनर आणि ड्रम यांच्यावर येते. लायनर फार तापले की त्यांचे घर्षण घटते. लहान गाड्यांत ब्रेक ऑइलही दगा देते, कारण ते हवेतील ओलावा शोषते: ‘डॉट 3’ मानकानुसार कोरड्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा मुरल्यावर तीच मर्यादा 140 वर येते, आणि ऑइल उकळून वाफेचे बुडबुडे झाले की पायाखालचे पॅडल नुसतेच खाली जाते. किल्ल्याच्या तटातील ज्या जुन्या दरवाजातून एका वेळी एकच मोठे वाहन निघते, तेथे पुढे सायकल असताना हे घडले तर काय होईल, हे का सांगावे लागावे? ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा मुरलेल्या चालकांचा दंडक शास्त्रशुद्ध आहे.

‘रोज ब्रेक लागतो, मग ऑइल कशाला बदलायचे?’ असेही विचारतात. सपाट जालना रोडवर लागणारा ब्रेक घाटाची परीक्षा देत नसतो. ब्रेक करकरतो म्हणून त्यावर तेल सोडणे म्हणजे घर्षणाचाच नाश करणे होय. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते.

सायकलस्वारांचेही काही गैरसमज आहेत. समोरची गाडी दिसावी म्हणून वाळूजच्या वाटेवर उजवीकडून सायकल चालविणाऱ्याने ध्यानात घ्यावे की, ताशी 20 च्या सायकलवर ताशी 50 ची मोटार डावीकडे मागून 30 च्या फरकाने येते, तर समोरून 70 च्या वेगाने. पुढचा ब्रेक वर्ज्य मानणेही चूक आहे. थांबविण्याचे बहुतेक काम तोच करतो, फक्त तो हळूहळू आणि मागच्याबरोबर दाबावा.

राहता राहिला ‘ब्रेक निकामी झाले, चालकाचा काय इलाज?’ हा युक्तिवाद. मोटार वाहन कायदा 1988, कलम 190 अन्वये, साधारण दक्षतेने लक्षात आला असता असा धोकादायक दोष असलेले वाहन सार्वजनिक जागी चालविणे हा गुन्हा आहे, आणि ते चालवू देणारा मालकही त्याच कलमाखाली कसूरवार ठरतो.