पन्नास रुपयांत तीन हजार गाणी

सकाळी ९. अकलूजमधल्या एका मोबाइलच्या दुकानाचं शटर वर जातं. उदबत्ती आधी गणपतीला ओवाळून होते, मग कॉम्प्युटरला. दुकान बापूंचं. मी काउंटरच्या आत, मोबाइल कव्हरांच्या ढिगाशेजारी स्टूल टाकून बसलोय. साखर कारखान्यांचा हंगाम ऐन भरात आहे. गाणी फोनवर फुकट वाजत असताना पेनड्राइव्ह भरून घ्यायला अजून कोण येतं, आणि नेमके कशाचे पैसे देतं, एवढंच मला बघायचंय.

कॉम्प्युटर जुनाट, पण फोल्डर नीट लावलेले. ‘ट्रॅक्टर नॉनस्टॉप’, ‘हळदी’, ‘पहाटेची भक्तिगीतं’, ‘शिंदेशाही’, ‘जयंती’, ‘नवरी एन्ट्री’. इथलं गिऱ्हाईक सिनेमाचं नाव सांगत नाही, प्रसंग सांगतं.

साडेनऊ. पहिला ट्रॅक्टरवाला येतो. रात्रभर कारखान्याच्या यार्डात नंबर लावून उभा होता, पहाटे गव्हाणीवर डबल ट्रॉली खाली करून आलाय. “बापू, झोप उडंल असलं टाका. मागल्या टायमाला लई रडकी आली.” स्वतःचा पेनड्राइव्ह आणला तर पन्नास रुपये, नवा सोळा जीबीचा भरून हवा असेल तर साडेतीनशे. मी विचारलं, खिशात एवढा मोठा फोन आहे, रोजचा डेटा आहे, मग हे कशाला? फडात रेंज नसते, तो म्हणाला. असली तर ऐन गाण्यात मुकादमाचा फोन येतो. फुकटच्या ॲपवर मधेच जाहिरात लागते. आणि ट्रॅक्टरच्या टेपला पेनड्राइव्हच बसतो. त्याच्या चार कारणांत पैसे वाचवण्याचं एकही नव्हतं. उलट पन्नासाची नोट त्याने घासाघीस न करता दिली.

साडेअकरा. एक निवृत्त गुरुजी. त्यांना नाट्यपदं हवीत आणि ‘गीतरामायण’. बापूंकडे दोन्ही आहेत. इथे मी उगाच कायदा काढला. ध्वनिमुद्रणाचा हक्क भारतात प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, आणि कवीचा किंवा संगीतकाराचा त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी. म्हणजे नाटककार खाडिलकर १९४८ साली गेले, त्यांची पदं मोकळी. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्याही मोकळ्या. पण ‘गीतरामायण’ लिहिणारे गदिमा गेले १९७७ साली, तेव्हा त्यांचे शब्द २०३७ संपेपर्यंत राखीव. त्याला चाली लावणारे बाबूजी २००२ साली गेले, त्यांच्या चाली २०६२पर्यंत.

“म्हणजे खाडिलकर चालतात, गदिमा नाही?” बापू.

“अरे, पण माझ्याकडे कॅसेट आहेत ना सगळ्या. विकत घेतलेल्या,” गुरुजी म्हणाले. “टेपरेकॉर्डरच बंद पडला त्याला मी काय करू?”

गुरुजींची बाजू मला पटते. एकदा दाम मोजलेलं गाणं यंत्र बदललं म्हणून पुन्हा विकत घ्यायला लावणं हा विकणाऱ्याच्या सोयीचा नियम आहे. आणि खासगी वापरासाठी रास्त उपयोगाला आपल्या कायद्यात जागा आहे. अडचण गुरुजींची नाहीच. अडचण काउंटरच्या या बाजूची आहे.

दुपारी दीड. गिऱ्हाईक तुटलं. बापूंचा डबा, माझा हिशेब. सोळा जीबीत साधारण पाच एमबीची तीन हजार गाणी मावतात. ‘फ्लिपकार्ट’ने फेब्रुवारी २०१२मध्ये ‘फ्लाइट’ नावाचं गाण्यांचं दुकान काढलं, तिथे गाणं सहा रुपयांपासून मिळे. त्या भावाने हा पेनड्राइव्ह अठरा हजारांचा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘आयट्यून्स’ भारतात आलं, तिथला बारा रुपयांचा भाव धरला तर छत्तीस हजार. ‘फ्लाइट’ दीड वर्षाच्या आत, जून २०१३मध्ये बंद पडलं. चोरटी गाणी आणि चिल्लर रक्कम ऑनलाइन भरण्याची कटकट, अशी दोन कारणं कंपनीने दिली. यातल्या दुसऱ्या कारणाकडे फारसं कुणी पाहिलं नाही. सहा रुपयांसाठी कार्डाचा सोळा आकडी नंबर कोण भरत बसणार? बापूंकडे नोट द्यायची आणि पंधरा मिनिटं चहा प्यायचा. पुढे २०१७मध्ये ‘सारेगामा’ने पाच हजार जुनी गाणी रेडिओसारख्या डब्यात भरून ५,९९० रुपयांना विकायला काढली, तर लोकांनी आईवडलांसाठी हौसेने घेतली. गाण्यामागे दर सव्वा रुपयाच्या आतबाहेर पडला, शिवाय डबा. लोक गाण्याला पैसे देत नाहीत हे काही खरं नाही. त्यांना एकरकमी, भरून, लावून दिलेलं हवं असतं.

बापूंचे वडील याच गाळ्यात कॅसेट विकायचे. ऐंशीच्या दशकातली ती ‘टी-सीरीज’ची स्वस्ताई. एचएमव्हीची जुनी गाणी नव्या गळ्यांकडून पुन्हा गाऊन घ्यायची, कायद्यातल्या फटीतून निघायचं आणि निम्म्या किमतीत विकायचं. पुढे याच कंपनीने स्वतःच्या गाण्यांसाठी ‘मायस्पेस’ या वेबसाइटला दिल्लीच्या उच्च न्यायालयात खेचलं. बापूंना हे सांगितलं तर ते मनापासून हसले. मला हसू आलं नाही, कारण त्या हसण्यात स्वतःची सुटका होती.

चार. एक तरुण गायक आला, हातात स्वतःचा पेनड्राइव्ह. नवं गाणं आहे, “बापू, सगळ्यांच्यात टाका.” पैसे घेणं दूरच, त्याने चहा पाजला. गाणं ट्रॅक्टरवर वाजलं की यात्रेची सुपारी येते, हळदीची येते, जयंतीची येते. त्याची कमाई स्टेजवर आहे, फाइल म्हणजे त्याचा जाहिरातीचा भोंगा. फाइल वाटण्याच्या बाजूने जे काही बोलता येतं ते सगळं हा मुलगा न बोलता सिद्ध करून गेला असता. पण मी विचारलं, गाणं लिहिलं कुणी? शेजारच्या गावातल्या एका माणसाने. त्याला काय मिळालं? “दिले ना, तवाच.” एकदाच, हातावर.

फुकट वाटपात गाणारा तरतो, कारण त्याला गळा विकता येतो. लिहिणाऱ्याला सुपारी कोण देणार? कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा कायद्याने बांधून दिला, करारात सही करूनही तो सोडता येत नाही. जावेद अख्तर राज्यसभेत यासाठी भांडले. पण तो वाटा घरी यायला आधी कुठेतरी वसूल व्हावा लागतो, आणि ‘ट्रॅक्टर नॉनस्टॉप’वर पावती फाडायला कुणी बसलेलं नाही.

सहा ते साडेआठ. झुंबड. रिचार्ज, काचा, चार्जर, आणि मध्येच पेनड्राइव्हची रांग. लग्नसराई असल्याने ‘हळदी’ जोरात. यातली गंमत अशी की लग्नात, वरातीत गाणं वाजवायला कायद्याची आडकाठी नाही, ती सूट स्पष्ट लिहिलेली आहे. पण तेच गाणं दुकानात भरून विकलं तर कलम ६३ : सहा महिने ते तीन वर्षं कैद, पन्नास हजार ते दोन लाख दंड.

नऊ. गल्ला मोजून झाला. गाण्यांचे साडेचारशे, कव्हर आणि काचांचे त्याच्या कितीतरी पट. मी सरळच म्हणालो, बापू, ड्रायव्हरचं मला काही वाटत नाही, गुरुजींचं तर नाहीच. पण तुम्ही धंदा करता, तुम्ही द्यायला हवं.

“मी गाण्याचे घेत नाही, भरायचे घेतो.”

“मग गाणी न टाकता रिकामा पेनड्राइव्ह भरून बघा, कोण पन्नास देतंय.”

यावर ते थोडा वेळ नोटांना रबर लावत राहिले. संगीत कंपन्यांच्या संघटनेने मेमरी कार्डांच्या काळात अशा दुकानांसाठी परवाना काढला होता, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “पन्नासातले दहा घेऊ द्या की. वीस घ्या. पण त्या लिहिणाऱ्याला पोचणार का, तेवढं विचारून सांगा.”

मी त्या गीतकाराचा नंबर मागितला. बापूंकडे तो नव्हता. त्यांनी गायकाला फोन लावला. गायक गाडीवर होता, मागे त्याचंच गाणं वाजत होतं, आणि नंबर सकाळी पाठवतो म्हणाला.