नाव कोरायचंय? लॅपटॉपवर कोरा!

दगडात खोदल्यासारखी अक्षरं फोटोशॉपमध्ये कशी आणायची? त्यासाठी छिन्नी-हातोडा नको. उजेड कुठून येतोय, एवढं बघता आलं की झालं!

कुठल्याही गडावर जा, एखाद्या दगडावर बदाम भेटतोच. बदामात बाण, बाणाच्या दोन टोकांना दोन नावं आणि खाली तारीख. ती दोघं आज एकमेकांच्या फोनमध्ये तरी आहेत का, देव जाणे. दगडावर मात्र कायमची आहेत.

रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे. त्यांनी राजधानी बांधली आणि नाव घातलं कुठे, तर पायरीवर. आपण रोपवेने वर येतो, पिठलं-भाकरी हाणतो आणि थेट बुरुजावर सही ठोकतो!

यात नुसता आगाऊपणा नाही, गुन्हाही आहे. राष्ट्रीय संरक्षित स्मारक विद्रूप केलं तर १९५८च्या कायद्यानुसार (त्यात २०१०मध्ये सुधारणा झाली) दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यात २०२५मध्ये आपले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. म्हणजे आता तुमचा बदाम जगाच्या वारशावर.

पण आपलं नाव दगडात बघायची हौस? ती खरीच असते. मलाही आहे. तर मंडळी, दगडाचा फोटो काढा, घरी या आणि नाव तिथे कोरा. कोणाचं काही बिघडत नाही, आणि पुसून परतही कोरता येतं.

कोरीव अक्षर म्हणजे सावली

आधी एक गंमत करून बघा. दगडातल्या खोदीव अक्षरांचा एखादा फोटो फोनवर उघडा आणि फोन उलटा धरा. बऱ्याचदा आत गेलेली अक्षरं चक्क बाहेर आलेली दिसतात! चंद्रावरच्या खड्ड्यांच्या फोटोतही हेच होतं. कारण आपला मेंदू उजेड वरूनच येतो असं गृहीत धरतो. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८मध्ये 'नेचर'मध्ये याच विषयावर लिहिलं होतं.

म्हणजे नियम सोपा आहे. वरच्या कडेला सावली आणि खालच्या कडेला चकाकी असेल, तर अक्षर आत गेलेलं दिसतं. उलट केलं की ते उठून येतं. बाकी सगळी कारागिरी या एका नियमावर चालते.

आधी दगड, मग अक्षर

फोटो शक्यतो स्वतः काढा. सकाळी किंवा उन्हं कलल्यावर काढा. भर दुपारी ऊन डोक्यावर असतं, दगड सपाट दिसतो, त्याचा खडबडीतपणा हरवतो. शिलालेख वाचणारे अभ्यासकही झिजलेली अक्षरं बघताना बाजूने तिरपा उजेड टाकतात, तो याचसाठी. तिरप्या उजेडात जरासा खळगासुद्धा सावली टाकतो.

फोटो काढताना एक गोष्ट लक्षात ठेवा: ऊन डावीकडून येतंय की उजवीकडून? पुढे हेच लागणार आहे.

अक्षर मात्र ठसठशीत हवं. हे मला कळलं ते आई-बाबांच्या नव्या फ्लॅटची दगडी पाटी करायला दिली तेव्हा. पाटीवर पहिल्यांदाच दोघांची नावं येणार होती, आधी आईचं आणि मग बाबांचं. मी लॅपटॉपवर नमुना करून कारागिरांना दाखवला. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि वेलांटीवर बोट ठेवलं. "ताई, ही एवढी बारीक नको. दोन रेघांच्या मधला दगड उडतो. आणि मग मी काही तो परत चिकटवणार नाही." खरंच आहे, दगडाला 'अनडू' नसतो. म्हणून बारीक, नाजूक फॉन्ट लग्नपत्रिकेसाठी ठेवा. इथे सारख्या जाडीचा, मोकळा फॉन्ट घ्या. 'मुक्ता' फुकट मिळतो, त्याचं जाड वळण छान चालतं. जोडाक्षरं तुटून दिसली, तर पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा.

चला, छिन्नी घ्या!

१. दगडाच्या फोटोवर नाव टाइप करा. त्या लेयरवर राइट क्लिक करून 'कन्व्हर्ट टू स्मार्ट ऑब्जेक्ट' करा.

२. दगडाच्या फोटोची एक कृष्णधवल प्रत काढा, किंचित ब्लर करा आणि वेगळी पीएसडी फाइल म्हणून सेव्ह करा. आता नावाच्या लेयरवर 'फिल्टर – डिस्टॉर्ट – डिस्प्लेस'. आकडे तीन ते पाचच्या आसपास ठेवा, फोटो खूप मोठा असेल तर थोडे वाढवा, आणि फाइल विचारली की ती कृष्णधवल प्रत द्या. दगडाच्या उंचसखलपणाप्रमाणे अक्षरांच्या कडा हलक्याशा थरथरतात. मशीनमधून आल्यासारखी सरळ रेघ गेली की अर्धं काम फत्ते!

३. लेयर पॅनेलमध्ये 'ओपॅसिटी'च्या खाली 'फिल' असतं. ते शून्यावर आणा. नाव गायब होईल, घाबरू नका. ओपॅसिटी कमी केली तर इफेक्टही जातात. फिल कमी केलं तर फक्त अक्षरातला रंग जातो आणि इफेक्ट राहतात. या युक्तीमुळे अक्षराच्या आत मूळ दगडच दिसतो.

४. आता 'बेव्हल अँड एम्बॉस'. स्टाइल 'इनर बेव्हल', टेक्निक 'चिझल हार्ड' आणि डायरेक्शन 'डाऊन'. हे 'डाऊन' विसरलात तर नाव कोरलेलं नाही, चिकटवलेलं दिसेल. अँगल फोटोतल्या उन्हाप्रमाणे द्या: ऊन वर डावीकडून असेल तर १२०, वर उजवीकडून असेल तर ६०. अल्टिट्यूड तीसच्या आसपास ठेवा. तो नव्वदकडे नेलात तर सूर्य डोक्यावर आला म्हणून समजा, खोली संपली!

५. 'इनर शॅडो' लावा. 'युज ग्लोबल लाइट'वर टिक असू द्या, म्हणजे दोन्ही इफेक्टचा सूर्य एकच राहील. सावलीला कुळकुळीत काळा आणि चकाकीला पांढराशुभ्र रंग देऊ नका. आयड्रॉपरने त्याच दगडातला सर्वांत गडद आणि सर्वांत फिका रंग उचला. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणसुद्धा नीट बघितलात तर करडा, तपकिरी, मधेच हिरवट असतो.

६. शेवटी लेयर मास्क लावून खडबडीत ब्रशने कडेचे दोन-चार टवके उडवा. मास्कच्या कडेलाही बेव्हल आपोआप लागतो, त्यामुळे टवका खरा वाटतो. इथे हात आवरता घ्या. प्रत्येक अक्षराला टवका म्हणजे नाटकाचा पडदा!

फोटोशॉप नाही? ब्राउझरमध्ये चालणाऱ्या 'फोटोपी'मध्ये लेयर स्टाइल्स जवळजवळ अशाच आहेत आणि ते फुकट वापरता येतं. 'गिम्प'मध्ये 'बम्प मॅप' फिल्टरने बरंचसं साधतं.

आणि आता 'तो' फॉरवर्ड

हे सगळं शिकण्याचा एक फायदा मला अनपेक्षितपणे मिळाला. आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर एक फोटो आला: 'सातवाहनकालीन शिलालेख सापडला!' झाडीत दडलेला दगड आणि त्यावर कोरीव ओळी. अंगठ्यांचा पाऊस पडला. चौघांनी तर रविवारी पहाटे निघायचं ठरवून गाडीसुद्धा सांगितली.

मी फोटो मोठा करून पाहिला. गवताची सावली उजवीकडे पडली होती, म्हणजे ऊन डावीकडचं. अक्षरांत मात्र सावली उजव्या कडेला होती, म्हणजे त्यांचं ऊन उजवीकडचं. एका दगडावर दोन सूर्य! त्यातून अक्षरं चक्क देवनागरी, डोक्यावर ठळक शिरोरेघ. सातवाहनांचे लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहेत. जुन्नरजवळच्या नाणेघाटात जाऊन बघा, त्या अक्षरांना आपल्यासारखी शिरोरेघ नाही.

मी ग्रुपवर दोनच ओळी लिहिल्या. गाडी रद्द झाली. एकाने तोंड वाकडं केलं, "तुला काय करायचंय, किती मस्त होतं!" मस्त होतंच, कारागिरी झकास होती. पण अशा चार खोट्या लेखांनंतर पाचवा खरा सापडला, तर त्यावर विश्वास कोण ठेवणार? आणि गडावरच्या खऱ्या अक्षरांना आज विश्वासाशिवाय दुसरं राखणदार फारसं कोणी नाही.

म्हणून फोटो अपलोड करण्याआधी तीन गोष्टी बघा. एक, अक्षरांचा आणि बाकी फोटोचा सूर्य एकच आहे ना? दोन, फोन उलटा केल्यावर फोटोतल्या खाचा आणि तुमची अक्षरं एकदमच उलटी वाटतात ना? आणि तीन, कोपऱ्यात 'फोटोशॉपमध्ये केलंय' एवढे दोन शब्द आहेत ना? त्या दोन शब्दांनी तुमची कला कमी होत नाही. उलट लोक विचारतात, "कसं केलंस गं?"

पुढच्या ट्रेकला जाताना सॅकमध्ये कॅमेरा टाका, मोबाइल तर असतोच. उन्हं कलली की एक छानसा दगड निवडा, क्लिक करा आणि हात न लावता पुढे चला. बदाम काढायचाच असेल तर सोमवारी लंच टाइममध्ये काढा. नाव बदलायची वेळ आलीच, तर लेयर आहेच की!