गेलो होतो, पण 'हॅड गॉन' नव्हे

सुट्टीत काय केलं, असं कुणी विचारलं की आपण सहज सांगतो, "कोकणात गेलो होतो." जाऊन आलो, ते संपलं, एवढाच या 'होतो'चा अर्थ. हेच इंग्रजीत सांगताना मात्र तोंडून 'आय हॅड गॉन टू कोकण' निघतं आणि ऐकणारा इंग्रज पुढच्या वाक्याची वाट पाहत बसतो. त्याच्या भाषेत हे 'हॅड' सहसा एकटं येत नाही. भूतकाळातल्या एका घटनेच्याही आधी दुसरी घडून गेली असेल, तेव्हा ते लागतं. 'आम्ही स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती' यात दोन घटना आहेत, सुटणं आधीचं आणि पोचणं नंतरचं, म्हणून 'द ट्रेन हॅड लेफ्ट'. कोकणाच्या वाक्यात घटना एकच आहे. तिला साधा भूतकाळ पुरतो: 'आय वेन्ट टू कोकण.'

पण नुसतं 'वेन्ट' आपल्याला अपुरं वाटतं, आणि त्याला कारण आहे. 'तो मुंबईला गेला' असं म्हटलं, तर तो अजून तिकडेच असावा असं आपण धरतो. परत आला असेल तर 'गेला होता' म्हणतो. इंग्रजी 'वेन्ट'ला परतीशी काही देणंघेणं नाही. घटना होऊन गेलेल्या काळातली आहे, एवढंच ते सांगतं. म्हणून 'यस्टर्डे', 'लास्ट इयर', 'टू डेज अगो' असे शब्द त्याच्याबरोबर छान नांदतात. भारताने 1983 साली विश्वचषक जिंकला होता, असं आपण लिहू. इंग्रजीत ते 'इंडिया वन द वर्ल्ड कप इन 1983' एवढंच होईल.

उलट बाजूनेही घोटाळा होतो. दारात पाहुणे दिसले की आपण ओरडतो, "पाहुणे आले!" रूप भूतकाळाचं, पण गोष्ट आत्ताची. इंग्रज इथे 'द गेस्ट्स हॅव कम' किंवा सरळ 'आर हिअर' म्हणेल. 'निघालोच' म्हणणारा माणूस तर अजून चपला शोधत असतो! मराठीत भूतकाळाचं रूप इतकं लांबवर पोचतं. इंग्रजीत तेवढी मोकळीक नाही. नियम असा धरावा: वेळ सांगितली असेल, किंवा दोघांना ठाऊक असलेली वेळ मनात असेल, तर साधा भूतकाळ. 'आय हॅव सीन हिम यस्टर्डे' हे म्हणूनच चुकतं. अमेरिकी बोलण्यात 'डिड यू ईट यट?' असं आत्ताच्या गोष्टीलाही सर्रास चालतं, तेव्हा सिनेमात ऐकून गोंधळू नये.

रूपांच्या बाबतीत मात्र इंग्रजी आपल्यापेक्षा सोपी आहे. आपण आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली, पोहे खाल्ले. त्यांचं सगळ्याला 'एट'. कर्ता कोण, कर्म कोणतं, लिंग काय, कशानेच ते हलत नाही. एकच अपवाद, 'वॉज' आणि 'वेअर'.

'गो'चं 'वेन्ट' कसं झालं म्हणून मुलं कुरकुरतात. मग 'जा'चं 'गेला' कसं झालं? 'हो'चं 'झाला', 'कर'चं 'केला'? रोज तोंडात असलेली क्रियापदं जुनी, वाकडी रूपं टिकवून धरतात, कमी वापरातली नियमाच्या रांगेत जातात. 'हेल्प'चा भूतकाळ एके काळी 'होल्प' होता, आज तो 'हेल्प्ड' आहे. 'कट', 'पुट' बदलतच नाहीत, आणि 'रीड' लिहिताना तसंच राहून उच्चारात 'रेड' होतं.

नियमित क्रियापदांना शेवटी 'ईडी' जोडतात, पण त्याचा उच्चार सगळीकडे 'एड' करू नये. शाळेतले कठोर आणि मृदू वर्ण इथे कामाला येतात. क, प, स, श, च, फ अशा कठोर ध्वनीनंतर 'ट' ऐकू येतो: वॉक्ट, हेल्प्ट, वॉश्ट. स्वर किंवा मृदू व्यंजनानंतर 'ड': प्लेड, कॉल्ड. मूळ शब्दच ट किंवा ड वर संपत असेल, तरच वेगळा 'इड': वॉन्टिड, नीडिड. विपद् आणि काल जोडताना 'विपत्काल' होतो, तशीच ही ओढ. फक्त तिथे आधीचा वर्ण बदलतो, इथे नंतरचा.

राहिला 'डिड'. आपण 'गेलो नाही' म्हणतो तेव्हा क्रियापद भूतकाळातच राहतं, 'नाही' शेजारी येऊन बसतं. त्याच सवयीने 'आय डिडन्ट वेन्ट' तयार होतं. इंग्रजीत वाक्याचा भूतकाळ 'डिड' उचलतो, मग क्रियापद मूळ रूपावर येतं: 'आय डिडन्ट गो', 'डिड यू गो?', 'व्हेअर डिड यू गो?' 'वॉज' आणि 'वेअर'ला हा आधार लागत नाही: 'वॉज शी देअर?' आणि प्रश्न कर्त्याबद्दलच असेल, तर इतर क्रियापदांनाही लागत नाही. दार कुणी उघडलं, हे विचारायला 'हू ओपन्ड द डोअर?' बस्स, तिथे 'हू डिड ओपन' म्हणणाऱ्याचा सूर भांडणाचा वाटतो.