लाल शाईचा धाक

मी अनेक वर्षे शाळेत मराठी शिकवले. त्या काळातली एक वही अजून डोळ्यांपुढून हलत नाही. आठवीच्या वर्गाला 'माझे वडील' हा निबंध दिला होता. एका मुलीने दोन पाने भरून लिहिले. वडील ऊसतोडीला निघताना तिला आजीपाशी ठेवून जात. गाडी वळणाआड जाईपर्यंत ते मागे वळून बघत नसत, कारण त्यांना रडू येई, असे तिने लिहिले होते. मी काय केले? ३१ चुकांना लाल गोल केले, खाली 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे' असा शेरा मारला आणि दहापैकी चार गुण दिले.

पुढच्या निबंधात तिने आठ ओळी लिहिल्या. मार्गदर्शकातून उतरवलेल्या. चूक एकही नव्हती. मला तेव्हा आनंद झाला, हे सांगताना आज लाज वाटते. तिच्या चुका गेल्या नव्हत्या, तिचे लिहिणे गेले होते.

मोठी माणसेही असेच करतात. सोसायटीचा अर्ज असो, नातवाला पत्र असो, 'तुम्हीच लिहा, माझे शुद्धलेखन कच्चे आहे' म्हणून पेन दुसऱ्याच्या हाती देतात. बोलताना हीच माणसे तासभर रंगवून सांगतील. म्हणजे अडते ते भाषेपाशी नाही, वेलांटीपाशी.

शुद्धलेखनाला महत्त्व नाही, असे मी म्हणत नाही. 'शिक्षक दिन'ऐवजी 'शिक्षक दीन' छापले तर अर्थ पार बदलतो. (काही शिक्षकांना तेही खरे वाटेल, ती गोष्ट वेगळी!) पण हे नियम वाचणाऱ्याच्या सोयीसाठी माणसांनीच ठरवले आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम राज्य शासनाने १९६२ मध्ये मान्य केले. १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली. त्याआधी 'नाहीं', 'कांहीं', 'घरीं' असे अनुस्वार देणे शुद्ध होते. आजोबांचे शुद्ध पत्र आज तपासले, तर लाल होऊन जाईल. म्हणून काय आजोबा अडाणी ठरतात? बहिणाबाई चौधरींना तर अक्षरओळखही नव्हती. त्यांची गाणी घरच्यांनी उतरवून ठेवली आणि त्यांच्या पश्चात १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. आधी सांगण्यासारखे काही होते, अक्षरे मागून आली.

शिवाय चुका दिसतात त्यापेक्षा कमी असतात. त्या मुलीने 'वडिल' लिहिले आणि पुढच्याच ओळीत 'वडीलांनी'. मी दोन गोल केले, पण नियम एकच होता. शब्दाचे शेवटचे अक्षर अकारान्त असेल, तर मराठी शब्दात त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ येतो : वडील, दूध, गरीब, फूल. प्रत्यय लागला की तोच ऱ्हस्व होतो : वडिलांनी, दुधात, गरिबाला, फुलाचा. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र आपले रूप सोडत नाहीत : शरीर, शरीरात. शब्दाच्या शेवटची वेलांटी आणि उकार सहसा दीर्घ : पाणी, कवी, वस्तू. 'आणि', 'परंतु' असे थोडे अपवाद. अनेकवचनाला प्रत्यय लागला की अनुस्वार : मुलाला, पण मुलांना. एवढे तीन नियम पक्के केले, तरी तिच्या त्या ३१ गोलांतले बरेचसे पुसले गेले असते. ते मी तिला समजावून सांगितले नाहीत. नुसते गोल मोजले.

मग भीती घालवायची कशी? लिहिणे आणि तपासणे ही दोन कामे आहेत, ती एकाच वेळी करू नका. पहिल्या बैठकीत खोडरबर दूर ठेवा. बोलता तसे लिहीत जा. एखाद्या शब्दाची शंका आली, तर त्याखाली रेघ मारून पुढे चला. शब्द पळून जाणार नाही, विचार मात्र पळतो. दुसऱ्या दिवशी ते मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते, तिथे वाक्य सुधारा. रेघ मारलेले शब्द शब्दकोशात बघा आणि वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवा. प्रत्येकाचे चुकणारे शब्द ठरलेले असतात. कुणी 'आशीर्वाद' चुकतो, कुणी 'उज्ज्वल', तर कुणी 'दुरुस्ती' हाच शब्द चुकीचा लिहितो! चार-सहा महिन्यांत ते पान आपोआप पाठ होते.

पुढे मी वह्या तपासण्याची पद्धत बदलली. आधी पेन्सिलीने, मुलाने काय सांगितले ते मला कळले, असे एक वाक्य लिहायचे; नंतर एका वेळी एकाच प्रकारच्या चुका दाखवायच्या. निबंध पुन्हा लांब होऊ लागले. चुका हळूहळू कमी झाल्या. पण ती मुलगी तोवर शाळा सोडून गेली होती. गाडी वळणाआड जातानाचे ते वाक्य फार चांगले होते, हे तिला सांगायचे राहून गेले. तुमच्या घरात कुणी काही लिहून दाखवले, तर निदान तुम्ही तरी तेवढे आधी सांगा.